घरटी एक माणूस

दोन मिनिटांना एक टोला, तीन मिनिटांना दोन.
माझं काम एवढंच. ऐकायचं नाही असं
बाईंनी सांगितलेलं नाही,
म्हणून ऐकतो.

वाळपई. शनिवार. सोसायटीचं सभागृह,
बाहेर काजूला मोहोर, आत तीन पंख्यांतला एक चालू.
फळ्यावर सुबक अक्षरात:
सक्तीची लष्करी सेवा असावी.
पुढे कुणीतरी हळूच, अगदी बारीक,
प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.
परीक्षकांना ते दिसलेलं नाही.

पहिला मुलगा शिस्तीवर बोलला.
मोबाइल, मोटारसायकली, दहा वाजेपर्यंतची झोप,
सगळ्यांवर एकच औषध, दोन वर्षं, उपाशीपोटी.
टाळ्या पालकांच्या.
दुसरा आकडे घेऊन आला होता.
आकडे संपायच्या आधी मी टोले दिले.

मग चैत्राली झर्मेकर, माइक तिच्या कपाळापर्यंत:
'आमच्या वाड्यावर शिगम्याला घरटी एक माणूस येतोच.
ढोल वाजला की येतो.
तो आजारी असला तर भाऊ येतो,
भाऊ कुवेतला असला तर पैसे येतात.
त्याला कुणी सक्ती म्हणतं का?'
सभागृह हसलं. आपलंच कुणी आपल्याला
बरोबर ओळखल्यावर हसतात तसं.

एल्टन मिनेझिस उठला. विरोधी बाजू.
हातातला कागद त्यानं घडी करून खिशात टाकला.
'घोडेमोडणीतला घोडा लाकडाचा असतो.
रात्री कमरेचा सोडून ठेवता येतो.'
आणि खाली बसला.
दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद शिल्लक.
ती कुणाला द्यायची, नियमात लिहिलेलं नाही.

हे स्टॉपवॉच माझंच आहे, शाळेचं नव्हे.
एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा घेतलं.
पहाटे नाणूसच्या रस्त्याला धावायचो,
कुत्री ओळखीची झाली होती.
बेळगावला सहा सेकंद कमी पडले.
कोल्हापूरला छाती एक सेंटिमीटर.
परत बेळगाव. मग वय.
दंडावर निळ्या शाईनं लिहिलेला नंबर
मी चार दिवस साबण लावला नव्हता म्हणून टिकला.

पणज्याची गोष्ट आमच्या घरात अर्धीच सांगतात.
पाखल्यांच्या फौजेत पगारी शिपाई.
चला मोझांबिकला, म्हणाले, दर्यापार,
तेव्हा बंदुकांसकट जे नाणूसला निघून आले
त्यांच्यात होता.
आजोबा म्हणायचे, स्वाभिमान.
थोरली आत्या म्हणायची, बायको अवघडलेली होती,
आणि त्याला होडीतसुद्धा उलटी व्हायची.
शाळेत मी आजोबांचं सांगतो.

शिपाई होता तो, आणि नाही म्हणाला.
मी रांगेत चार वेळा हो म्हणालो, मला कुणी विचारलं नाही.
यातून काय निघतं ते परीक्षकांना विचारायला हवं.
ते चहा पीत होते.

पहिला नंबर चैत्रालीला. ढाल तिच्याहून जड.
एल्टन टेबलापाशी रेंगाळला.
'सर, माझा टाइम किती झाला?'
'एकोणीस सेकंद.'
'बरा झाला की.'
मग खालच्या आवाजात: जूनमध्ये ते सगळे लिस्बनला जातायत,
पपांचे कागद झाले. 'तिथं असतं का हे? सक्तीचं?'
मला ठाऊक नव्हतं. विचारून सांगतो म्हटलं.
कुणाला विचारणार, हे त्यानं विचारलं नाही.

खुर्च्या उचलल्या. फळा पुसला,
ओल्या फडक्यानं, तरी वाक्य पुसट उरलंच;
ते बारीक चिन्ह मात्र पहिल्याच हाताला गेलं.

संध्याकाळी मांडावरून निरोप आला:
यंदा तुमच्या घरचा कोण?
भाऊ गल्फला. पुतण्याची बारावी.
मीच येतो म्हणालो. कुणी जबरदस्ती केली नाही.
फक्त सांगून ठेवलं,
गुडघा दुखतोय, घोडा जरा हलका द्या.